तीन खाचा

ज्या रोपाच्या कामटीवर तीन खाचा नाहीत ते रोप विकायचं नाही, हा एकच कायदा त्या नर्सरीत तीस वर्षं चालत आला होता. तो नऊ दिवसांत मोडला गेला, तोही मावशी डोळ्याला पट्टी बांधून घरी पडल्या असताना. मग त्यांचं डोकं फिरेल नाहीतर काय होईल?

कामटीमावशी हे नाव त्यांना गिऱ्हाइकांनी दिलं. नर्सरीत आल्या तेव्हा त्या नुसत्या पाणी घालणारी बाई होत्या. नवरा गेलेला, शाळा चौथीत सुटलेली, झाडांतलं ओ की ठो कळत नव्हतं. हिरवं ते झाड आणि वाळलं ते सरपण, एवढंच त्यांचं शास्त्र. पण मोठे मालक विक्षिप्त माणूस. त्यांनी पहिल्याच आठवड्यात मावशींच्या हातात एक पान ठेवलं आणि म्हणाले, "बघू नका. डोळे मिटा, चुरगाळा आणि वास घ्या." मावशींना वाटलं, म्हातारा चळला. वास घेतला तर लिंबाचा. डोळे उघडले तर समोर लाल ब्रशासारख्या फुलांचं झाड. ते लिंबाचं नव्हतंच, बॉटलब्रश होता. "डोळे फसतात, नाक सहसा फसत नाही," मालक म्हणाले आणि आपल्या कामाला निघून गेले.

खाचा त्यांनीच शिकवल्या. बांबूच्या चिरलेल्या कामटीवर रोपाचं नाव लिहायचं आणि कुंडीत खोचायची. पण लिहायच्या आधी तीन गोष्टी तपासायच्या. पान मोडून वास घ्यायचा, की पहिली खाच. देठ तोडून चीक येतो का, आला तर कसला, ते बघायचं, की दुसरी. तिसरी खाच फुलाची, किंवा ज्या झाडापासून रोप केलं ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं असेल तर त्याची. तिन्ही झाल्या तरच नाव. तोवर कामटी कोरी, आणि कोऱ्या कामटीचं रोप मागच्या मांडवात. गिऱ्हाईक कितीही गयावया करो, ते बाहेर येत नसे. मावशींना तेव्हा नीट लिहिता येत नव्हतं, म्हणून आधी खाचा आल्या आणि मग अक्षरं. दोन-अडीचशे नावं लिहीत लिहीतच त्यांचं अक्षर वळणावर आलं. हाताखालून हजारो कामट्या गेल्या, पण त्यांनी कधी पाट्या टाकल्या नाहीत.

मोठे मालक गेले आणि मुलगा गल्ल्यावर बसला. छोटे मालक. तसा मुलगा वाईट नव्हे. लहानपणी दिवसभर चिखलात लोळायचा आणि संध्याकाळी मावशीच त्याचे हात नळाखाली धरून खसाखसा धुवायच्या. पण मोठा झाला आणि त्याला सगळ्याची घाई झाली. कोऱ्या कामट्या बघितल्या की त्याचं पित्त खवळायचं. "मावशी, मागे दीडशे रोपं नुसती पडून आहेत. लोक काय म्हणतील? यांना स्वतःचीच झाडं ओळखता येत नाहीत?"

"येत नाहीत तोवर येत नाहीत म्हणावं," मावशी म्हणायच्या. "त्यात लाज कसली?"

डोळ्यात मोतीबिंदू पिकला तेव्हा ऑपरेशनची तारीख मिळाली. आदल्या संध्याकाळी बाहेरच्या नर्सरीतून दोन ट्रे आले, अरुंद लांब पानांची रोपं, नावगाव काही नाही. मावशींना धड दिसत नव्हतं आणि भावजय फाटकात उभी राहून घाई करत होती. त्यांनी रोपांत कोऱ्या कामट्या खोचल्या आणि ट्रे मागच्या मांडवात सारले. आल्यावर बघू, म्हणाल्या. एक पान मोडायला किती वेळ लागला असता? पुढे हे त्यांनी स्वतःला शंभरदा विचारलं.

डॉक्टरांनी पंधरा दिवस धूळ नको, वाकणं नको असं बजावलं होतं. घरात नणंद-भावजय दोघीच. भावजय चार वेळा थेंब घालायची आणि चाळीस वेळा बोलायची. "वन्सं, मान खाली घालू नका." "वन्सं, डोळा चोळू नका." "वन्सं, खिडकीतल्या कुंडीशी काय गुजगोष्टी चालल्यात?" नवव्या दिवशी मावशींनी काळा चष्मा चढवला आणि भावजय आंघोळीला गेल्याचं बघून घराबाहेर सटकल्या.

नर्सरीत पाऊल टाकलं आणि त्या जागीच थबकल्या. कामट्या गायब. प्रत्येक कुंडीत गुळगुळीत प्लॅस्टिकची छापील पाटी, रंगीत चित्र, खाली ओळभर माहिती. मागचा मांडव तर रिकामा. छोट्या मालकांनी फोनमधलं झाडं ओळखायचं यंत्र प्रत्येक रोपावर धरलं होतं, त्यानं सांगितलेलं नाव छापून आणलं होतं आणि दीडशे कोऱ्या कामट्या एका दुपारी निकालात काढल्या होत्या. त्या बंबाशेजारी पडल्या होत्या, जळणात.

मावशी पहिल्या रांगेतूनच चालत गेल्या. मोगरा म्हणून लावलेल्या कुंडीतलं पान मोडलं, पांढरा चीक आला. मोगऱ्याला चीक कुठला? ती तगर होती. शोभेचं गवत म्हणून ठेवलेल्या चार कुंड्या हाताळल्या तर बोटांना गवती चहाचा वास. मावशींच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्या माणसानं मोगऱ्याच्या नावानं तगर नेली तो दोन वर्षं वासाची वाट बघत बसेल आणि शेवटी स्वतःलाच दोष देईल, आपल्या हाताला झाड लागत नाही म्हणून. ही फसवणूक नाही तर काय?

"छोटे मालक, ते दोन ट्रे कुठायत? लांब पानांचे?"

"ते? बॉटलब्रश निघाले. बालवाडीनं नेले परवा. कुंपणाला तीस हवे होते त्यांना."

मावशी जळणाच्या ढिगाकडे गेल्या. तिथे ट्रेमधल्या रोपाची एक फांदी पडली होती, पानं अजून हिरवी. त्यांनी ती उचलली, पान चुरगाळलं. लिंबाचा वास नाही. देठ मोडला आणि दुधासारखा चीक बोटावर ओघळला.

"ही बिट्टी आहे," मावशी म्हणाल्या. त्यांचा आवाज त्यांनाच ओळखू येईना. "पिवळी कण्हेर. पानापासून बीपर्यंत सगळं विष. तुम्ही ती बालवाडीत दिलीत?"

"मावशी, फोननं ब्याण्णव टक्के सांगितलंय."

"फोननं पान मोडलं का?"

"तुमच्या डोळ्याचं ऑपरेशन झालंय. चष्मा लावून आलायत, नीट दिसतंय तरी का? उगीच बभ्रा करू नका. नर्सरीचं नाव जाईल."

नाव जाईल! तीन-चार वर्षांची पोरं, जे हाताला लागेल ते तोंडात घालणारी, आणि याला नर्सरीच्या नावाची पडली होती. मावशींनी त्याच्याकडे पाठ फिरवली. खुरपं घेतलं आणि तशाच निघाल्या.

बालवाडी दोन गल्ल्या सोडून. अंगणात वाळूचा खड्डा, त्याला लागून कुंपण आणि कुंपणाला ओळीनं तीस रोपं. प्रत्येकाजवळ छापील पाटी: बॉटलब्रश, मुलांसाठी सुरक्षित. दोन मुलं वाळूत पानं खोचून बाग करत होती. मावशींनी आधी त्यांच्या हातातली पानं काढून घेतली, त्यांना नळावर नेलं आणि हात धुतले. मुलांनी भोकाड पसरलं तशा बाई धावत आल्या.

"अहो, कोण तुम्ही? मुलांना हात का लावताय?"

मावशींनी सांगितलं. बाईंनी ऐकून घेतलं, पण त्यांची नजर पुन्हा पुन्हा काळ्या चष्म्याकडे आणि खुरप्याकडे जात होती. त्यांचा तरी काय दोष? रंगीत पाटीवर चित्रासकट एक लिहिलेलं, आणि कुणी अनोळखी म्हातारी येऊन दुसरंच सांगते. त्यांनी नर्सरीत फोन लावला. छोट्या मालकांचा आवाज मोठ्यानं बाहेर आला.

"हो हो, आमच्याच मावशी. पाट्या तीस वर्षं त्याच लावतात. ऑपरेशन झालंय ना डोळ्याचं, चुकलं असेल त्यांचं काहीतरी आणि आता घाबरल्यात. मी बघतो."

मावशी ऐकत उभ्या राहिल्या. त्यांच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. त्या घरी पट्टी बांधून पडल्या होत्या तेव्हा छापलेली पाटी, आणि ती आता त्यांच्या माथी! बाईंनी फोन ठेवला आणि ज्या नजरेनं त्यांच्याकडे बघितलं त्या नजरेनं तीस वर्षांत कुणी बघितलं नव्हतं.

"बाई, तुमच्या फाटकाशी अनंत आहे. कुठून आणला होता?"

"तुमच्याकडूनच. माझ्या आधीच्या बाईंनी."

"त्याच्या बुडाशी बघा."

अनंताच्या बुडाशी मातीत एक काळी पडलेली कामटी अजून उभी होती. अक्षरं पावसानं कधीच धुऊन नेली होती. मावशींनी बाईंचं बोट धरून तिच्या कडेवरून फिरवलं. एक, दोन, तीन खाचा. मग तेच बोट छापील पाटीच्या कडेवरून फिरवलं. सगळं गुळगुळीत.

"माझी पाटी अशी असते," मावशी म्हणाल्या. "आता माझ्यावर विश्वास ठेवू नका. हे एक पान मोडा आणि समोर दवाखान्याच्या दारात बॉटलब्रश आहे, त्याचं एक मोडून या. मग ठरवा."

बाई गेल्या. आल्या तेव्हा एका हाताला लिंबाचा वास होता आणि दुसऱ्या हाताच्या बोटांवर पांढरा चीक सुकत होता. त्यांनी मुलांना वर्गात नेलं, हात धुतले, त्यांना बालवाडीच्या आयाकडे सोपवून दार लावून घेतलं आणि पदर खोचला. दोघींनी मिळून तीसच्या तीस रोपं उपटली. डॉक्टरांनी वाकू नका म्हटलेलं मावशींना सव्विसाव्या रोपाशी आठवलं.

रोपं गोणीत भरून दोघी नर्सरीत शिरल्या तेव्हा पाच-सहा गिऱ्हाइकं होती. बाईंनी गोणी गल्ल्यासमोर ओतली. छोटे मालक ओशाळं हसले. गिऱ्हाइकांकडे बघत म्हणाले, "त्याचं काय आहे, आमच्या मावशींचं वय झालंय. पाटी लावताना त्यांच्याकडून चूक..."

"माझी पाटी?" मावशींनी ढिगातलं एक रोप उचललं. मुळांच्या मातीत पाटी अडकलेलीच होती. "बरं, माझी. तीस वर्षांत माझी एक पाटी खोटी निघाली का? तुमचे वडील माझी पाटी बघून डोळे मिटून रोप हातात द्यायचे. मुलांसाठी सुरक्षित लिहिलंय. मग घ्या, एक पान चावून दाखवा सगळ्यांना."

मावशींना वाटलं होतं, तो मागे सरकेल. पण छोट्या मालकांचा अहंकार चारचौघांत पेटला होता. "त्यात काय!" असं म्हणून त्यांनी पान तोडलं आणि सरळ तोंडाकडे नेलं. हा बाबा खरंच त्या फोनवर विश्वास ठेवून बसला होता!

चटकन मावशींचा हात उठला. असा फटका बसला की पान उडून गल्ल्यापलीकडे पडलं.

"अरे विष आहे ते, मूर्खा!"

छोट्या मालकांनी आपल्या हाताकडे बघितलं. तर्जनी आणि अंगठ्याच्या मध्ये दुधासारखा चीक लागला होता, ओठांपासून चार बोटांवर. मावशींनी त्यांचं मनगट धरून त्यांना कोपऱ्यातल्या नळापाशी ओढत नेलं. त्याच नळाखाली, साबण लावून, खसाखसा. तो पस्तिशीचा बाप्या गुपचूप हात पुढे करून उभा राहिला.

"मावशी, सॉरी," तो हलकेच म्हणाला.

"मला नको. माझ्या दारात कुठे लावलं होतंस ते विष?" मावशींचा राग तसूभरही उतरला नव्हता. "त्या पोरांनी ती पानं वाळूत खोचली होती, ठाऊक आहे? आणखी पाच मिनिटं गेली असती तर त्यांच्या तोंडात असती. आणि तू खुशाल माझं नाव सांगत होतास."

मावशींनी नळ बंद केला.

"त्या बाई तिथे उभ्या आहेत. त्यांना सांग, पाटी कोणाची होती."

त्यानं हात पुसले. गिऱ्हाइकं कुंड्या बघायचं सोंग करत होती, पण कान सगळ्यांचे इकडेच.

"पाटी माझी होती," तो पुटपुटला.

"मोठ्यानं," मावशी म्हणाल्या आणि जळणातल्या कोऱ्या कामट्या एकेक करून उचलायला लागल्या.