पाहुण्याची झडती

आमच्या वळणावरच्या बेकरीत एक माणूस आहे, त्याला सगळे पाहुणा म्हणतात. सरकारचा पाहुणचार घेऊन आला, म्हणून पाहुणा. एका दुकानाचं कुलूप तोडताना तो सापडला होता. तुरुंगात त्याला पाव भाजायला लावलं, आणि तिथे त्याच्या हाताला पीठ कळू लागलं. सुटून आला तेव्हा त्याच्याजवळ एक कला होती आणि एक नाव होतं. कला कोणी विचारेना. नाव सगळ्यांना ठाऊक.

त्याची मुलगी बहिणीकडे वाढत होती. बहिणीचा नवरा सरळ माणूस, पण बोलणं तोडून टाकणारं. "पुढच्या उन्हाळ्यापर्यंत एका जागी टिकून दाखव," तो म्हणाला, "मग पोरीला घेऊन जा. मध्ये काही कानावर आलं, तर विषय संपला."

बेकरीच्या शेठने त्याला ठेवून घेतलं ते दया म्हणून, असं शेठ सांगतो. पहाटेच्या पाळीला माणूस टिकत नव्हता, हे सांगायचं राहून जातं. पाहुणा टिकला. आजारी पडून राहावं असं त्याला घर नव्हतं, लग्नकार्याला बोलावणारे सोयरे नव्हते, आणि 'दुसरीकडे जातो' अशी धमकी द्यायला दुसरीकडे कोणी नव्हतं. असा कामगार मिळायला भाग्य लागतं. शेठ त्या भाग्याला आपलं मोठं मन म्हणायचा.

पहिल्याच दिवशी दुपारी काम सुटलं आणि पाहुणा मागच्या दाराशी थांबला. त्याने खिसे उलटे काढले, दोन्ही हात पसरले आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

"अरे, हे काय?" शेठने विचारलं.

"झडती, शेठ."

"कोणी सांगितली तुला?"

"कोणी नाही. आत रोज व्हायची. घेतल्याशिवाय पाय उचलत नाही."

दार अरुंद, पाहुणा पुढे, बाकीचे मागे खोळंबलेले. शेवटी शेठने उठून त्याचे खिसे चाचपले. पाहुणा मोकळा होऊन गेला.

त्या बेकरीत एक जुनी रीत होती. घरी जाताना प्रत्येक जण थोडी चव घेऊन जायचा. मूठभर बेदाणे, लोण्याचा एखादा गोळा. त्याला चोरी कोणी म्हणत नसे. चोरी कुलूप तोडून करतात. पण आता चोर रोज झडती देतो आणि आपण देत नाही, हे कोणालाच बरं दिसेना. शेठच्या वडिलांच्या वेळचा भट्टीवाला होता, सगळे त्याला काका म्हणत. एके दिवशी त्यानेही दाराशी आपला डबा उघडून दाखवला. मग सगळेच हात पसरू लागले.

लोणी पुरू लागलं. केकमध्ये पूर्वी बेदाणा शोधावा लागे, तो आता आपणहून दाताखाली येऊ लागला. गिऱ्हाइकं म्हणाली, पाहुण्याच्या हाताला गुण आहे.

उन्हाळा जवळ आला तेव्हा व्यापाऱ्यांच्या सभेत शेठचं कौतुक झालं. "माणसावर विश्वास टाका," शेठ तिथे म्हणाला, आणि टाळ्या ऐकून त्याला स्वतःलाही ते पटलं. दुसऱ्या दिवशी त्याने सगळ्यांसमोर जाहीर केलं, "आजपासून पाहुण्याची झडती बंद."

पाहुण्याचा चेहरा उतरला. बाकीच्यांचे खुलले. चोराचीच झडती नाही, तर सज्जनांची कशाला?

महिना संपायच्या आत बेदाण्यांच्या डब्याचा तळ दिसला.

"मी काही बोलत नाही, शेठ," भट्टीवाला म्हणाला. "पण बेदाण्यांना पाय नसतात."

"संशय कोणावर आहे, काका?"

"मी कशाला कोणाचं नाव घेऊ? सवय ती सवय."

शेठने पाहुण्याला बोलावलं. "तुझ्यासाठी मी चार माणसांत बोललो रे."

"तेच नडलं, शेठ."

"म्हणजे?"

"तुमचा विश्वास मला झेपत नाही. उद्या दाजी मुलीला घेऊन येतायत. त्याआधी तेवढा विश्वास परत घ्या."

शेठ दुखावला. ह्याला काढावं तर सभेत हसं होणार, ठेवावं तर बेदाणे जाणार. "उद्या बघू," तो म्हणाला. ह्या दोन शब्दांवर तिथल्या पुष्कळ नोकऱ्या गेल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी मागच्या दाराबाहेर दाजी उभे होते, शेजारी कापडी पिशवी घेतलेली मुलगी. पाहुणा सगळ्यांच्या आधी दाराशी आला, हात पसरले आणि भिंतीकडे तोंड केलं.

"सरक की," मागून भट्टीवाला म्हणाला. "तुझी बंद केलीय ना?"

"माझ्याकडून चालू आहे, काका. शेठ आल्याशिवाय हलत नाही."

शेठने दाजींकडे पाहिलं, रांगेकडे पाहिलं, मग काकांच्या डब्याकडे. डबा वजनाने जरा खाली ओढला जात होता. शेठ आला. पाहुण्याचे खिसे चाचपले, ते रिकामेच होते. मग शेठचा हात तसाच पुढे राहिला.

"काका?"

भट्टीवाल्याला एकदम आठवलं की चष्मा आत राहिला. तो डब्यासकट आत गेला. परत आला तेव्हा डबा हातात झुलत होता, आणि चष्मा सकाळपासून होता तिथेच, नाकावर. मग रांगेतल्या बाकीच्यांनाही आत राहिलेलं एकेक आठवू लागलं. एक जण चपला आणायला गेला, पायातल्या चपला वाजवत.

दाजी हे सगळं बघत होते.

"रोज असंच?"

"मधे थोडे दिवस बंद होतं," पाहुणा म्हणाला. "आता रोज."

"सगळ्यांची?"

"सगळ्यांची."

दाजींनी रांगेवरून एकदा नजर फिरवली. या माणसाच्या शपथा त्यांनी पूर्वी ऐकल्या होत्या, आणि त्यातली एकही त्यांना पुरली नव्हती. "मग राहू दे पोरीला," ते म्हणाले. "ही जागा मात्र सोडू नकोस."

"बाबा, हात खाली घे ना," मुलगी म्हणाली. तेव्हा त्याच्या ध्यानात आलं. तिने पिशवी त्याच्या एका हाताला अडकवली आणि दुसरा हात स्वतः धरला.

शेठ अजूनही सभांत विश्वासावर बोलतो, आणि छान बोलतो. सभा संपली की एखादा दुकानदार त्याला कोपऱ्यात गाठून हळूच विचारतो, असा माणूस कुठे मिळेल.

"एकच ठेवा," शेठ सांगतो. "आणि काम सुटताना सगळ्यांच्या पुढे उभा करा."