प्राचीच्या दुरुस्तीसाठी माझं शिष्टमंडळ

आता ऐकाच, फक्त तोंडातला चहाचा घोट आधी गिळून घ्या. कारण मी घातलेला घोळ आमच्या मोहाडी गावात मावला नाही, पार परदेशात गेला!

आमच्या भिंतीला भिंत लागून कुंदाचं घर. तिची प्राची कंप्युटर शिकलेली. घरी बसून ती प्रोग्रामिंगच्या कुठल्याशा भाषेची दुरुस्ती करायची. ही भाषा म्हणे कोण्या एका मालकाची नाही. जगभरचे लोक आपापल्या घरून तिच्यात सुधारणा सुचवतात. आणि फुकट!

"फुकट? काहून वं?" मी विचारलं.

"काकू, सारे मिळून करतात. धानाच्या रोवणीले आपण एकमेकींच्या बांधीत जातो ना, तसंच."

"रोवणीले निदान जेवाले तरी भेटते!"

तर तिची दुरुस्ती अशी. प्रोग्राममध्ये चूक झाली की ती भाषा चुकीखाली बाण दाखवते. मराठी अक्षरं आली की हा बाण भलतीकडेच जायचा. प्राचीनं तो सरळ केला. हे पास झालं, तर पुण्याच्या मुलाखतीत दाखवायला तिच्याजवळ काही तरी राहणार होतं. मुलाखत सोमवारी, आणि शुक्रवारी पोरगी तोंड पाडून बसलेली!

"अडवलं काकू, तपासणीत."

मी पुढं विचारणार, तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली आणि ती आत पळाली. त्या पानाची लिंक तिनं कौतुकानं मला आधीच पाठवलेली. घरी येऊन उघडली, मराठीत वाचायचं बटन दाबलं. तिच्या दुरुस्तीखाली लिहिलेलं, 'तपासणी अयशस्वी.' लिहिणाऱ्याचं नाव तपासनीस. फोटोच्या जागी घुबड. आता घुबड पाहून मला शंका यायला नको होती का? पण आमचे जावई वाघाचा फोटो लावतात आणि मांजर दिसलं तरी दचकतात. मग याच्या घुबडाचं काय घेऊन बसायचं?

आणि साहेब लोकांचा मला अनुभव आहे हो. भंडारा जिल्हा तुटून गोंदिया वेगळा झाला, तेव्हा आमच्या यांची बदली तिकडे लागली होती. मी गल्लीतल्या बाया घेऊन थेट साहेबांच्या घरी गेले. बदली रद्द! लोक म्हणतात, ती आधीच रद्द झाली होती. म्हणू द्या.

खातं उघडून लिहिलं, 'माननीय तपासनीस साहेब, सप्रेम नमस्कार. प्राची माझ्या डोळ्यांसमोर वाढलेली आहे. स्वभावानं गरीब, घराणं चांगलं. तिची दुरुस्ती मोठ्या मनानं पास करावी. भंडाऱ्याकडे येणं झालं तर जेवायला या.'

लगेच उत्तर! 'आपल्या प्रतिसादाबद्दल धन्यवाद. तपासणी अयशस्वी.'

पाहिलंत? आधी धन्यवाद! माणूस नरमला होता, थोडं वजन कमी पडत होतं. मी तोच मजकूर बचत गटाच्या बायांना पाठवला आणि सांगितलं, सगळ्यांनी त्या पानावर टाका. बाया कामाच्या! कोणी खाली गुलाब टाकला, कोणी शुभ सकाळ. एकीनं तर आपल्या दुकानातल्या साड्यांचा फोटोही लावून दिला.

दुपारी प्राची धावत आली. मागं कुंदा.

"काकू! कायले लिहिलं तुमी?"

"अवं, साहेब नरमून राहिला..."

"साहेब नाही तो! मशीन आहे! कोणी काहीही लिहिलं तरी धन्यवादच म्हणते!"

"मंग त्यानं अडवलं कायनं?"

"एका ओळीच्या शेवटी रिकामी जागा जास्त पडली होती. दोन मिनिटांचं काम. आता पानच बंद केलं तिथल्या लोकाईनं! त्याईले वाटून राहिलं, म्याच खोटी माणसं गोळा केली."

कुंदा कमरेवर हात ठेवून म्हणाली, "बाई, माझ्या पोरीची मुलाखत होऊ द्या, मंग न्या तुमचा मोर्चा अमेरिकेले!"

मी पदराशी चाळा करत उभी राहिले. म्हटलं, पोरीचं पुणं गेलं माझ्यापायी.

प्राचीनं तिथल्या खऱ्या माणसाला खरं खरं कळवलं. ती निघाली एक बाई, कुठल्या तरी बर्फाच्या देशातली. तिनं रविवारी पान उघडलं, माझी फौज पुसून टाकली आणि दुरुस्ती पास केली. वर लिहिलं, 'काळजी करू नकोस. माझ्या गल्लीतही अशी एक आहे.'

प्राची पुण्याला रुजू झाली. पेढे द्यायला कुंदा आमच्याकडे आली, पण फक्त यांच्या हातात देऊन गेली.

म्हटलं, त्या बर्फाच्या बाईचे आभार तरी मानावेत. उघडते तर माझं खातंच बंद! खाली लिहिलेलं, 'एकच मजकूर पुन्हापुन्हा आढळला. हे खातं माणसाचं नसून मशीनचं आहे.' आणि हे सांगत कोण होतं? तोच, घुबडवाला! ज्याला मी माणूस समजून जेवायला बोलावलं, त्यानं मला मशीन ठरवलं!

मी रागारागानं यांना वाचून दाखवलं. यांनी पेपर खाली केला, चष्मा काढला आणि म्हणाले, "हुशार दिसते तो घुबडवाला. त्याले एवढं विचारून घे ना, हे मशीन बंद करायचं बटन कुठं असते?"