दापोडीला न उतरता गाठलेलं हॉटेल

लग्नाला पंचवीस वर्षं पूर्ण झाली त्या सकाळी सुमनने पोहे परतता परतता विचारलं, "आपण कधी हॉटेलात राहिलोय का हो?"

मी संस्कृतचा शिक्षक. प्रश्न आला की आधी त्याचा अन्वय लावायचा, ही जुनी खोड. म्हटलं, "राहिलोय म्हणजे जेवलोय, असं म्हणायचंय का?"

"जेवलोय नाही, राहिलोय. सकाळी उठून कुणाच्या ओट्यापाशी उभं न राहता चहा प्यायलोय का कधी?"

उत्तर सरळ होतं आणि ते मला देववेना. आमच्या सगळ्या सहलींचा मुक्काम एकच, पुण्यातली दापोडी. तिथे माझी थोरली बहीण आक्का आणि भाऊजी. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, पुढे हात पसरला की संपणारी गॅलरी. कॉलेजची चार वर्षं मी तिथेच काढली. नव्वद सालानंतर पोरं शाळेत जायला लागली आणि दर मे महिन्यात आमचं लटांबर नारायणगावच्या स्टँडवरून निघून दापोडीला उतरू लागलं. धाकट्या भावाची दोन पोरंही बरोबर असत. दोन खोल्यांत नऊ माणसं. आंघोळीचे नंबर आदल्या दिवशी लागत. पोरं गॅलरीत पाय गजांबाहेर काढून झोपत आणि सकाळी मोजणी करून आत घेतली जात. संध्याकाळी पीएमटीने सारसबाग, तिथे भेळ, आणि आल्यावर आक्काच्या गरम भाकऱ्या. मी तो काळ सुखाचा म्हणून सांगत आलोय. सुमन त्या वेळी ओट्यापाशी उभी असायची, हे पोह्यांपर्यंत माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

तर ठरलं. फेब्रुवारीत, दोन रात्री, पुणं. (पोरं आता नोकरीला लागली होती, त्यामुळे मोजणीचा प्रश्न नव्हता.) आता हॉटेल निवडायचं. तुमच्यापैकी कुणी निघालं असेल तर माझा अभ्यास उपयोगी पडावा म्हणून सांगतो. पहिला पर्याय स्वारगेटजवळचा लॉज. तिथे मी एकदा पेपर तपासणीच्या वेळी राहिलो होतो, आणि तिथल्या ढेकणांनी माझ्यापेक्षा जास्त पेपर तपासले असावेत. दुसरा, एका संस्थेचं भक्तनिवास. स्वच्छ, स्वस्त, पण पहाटे पाचला घंटा. सुमन म्हणाली, "घंटा शाळेत वाजवा."

तिसरा पर्याय बाजारपेठेतल्या कांतिशेठनी सुचवला. त्यांचं कापडाचं दुकान, आजोबा राजस्थानातून आलेले, स्वतः शेठ माझे विद्यार्थी. खरेदीला सुरत, मुंबई, दिल्ली करतात.

"सर, मोठ्या कंपनीचं घ्या. ज्यांची गावोगाव हॉटेलं असतात तसलं. दिल्लीत पण तीच चादर, पुण्यात पण तीच चादर. धोकाच नाय."

"म्हणजे अव्यय," मी म्हटलं. "लिंग, वचन, विभक्ती, कशानेही न बदलणारं."

"तुमी कायपण म्हणा सर, पण न्याहारी भाड्यात असते, तेवढं विचारून घ्या."

शेठच्या पोराने कॉम्प्युटरवर खोली ठरवून दिली. एका रात्रीचे तीन हजारांच्या आसपास, कर वेगळा. आकडा ऐकून मी मनातल्या मनात एक स्तोत्र म्हटलं. सुमनची एकच अट होती: आक्काला आधी सांगायचं. मी म्हटलं, सांगतो. सांगितलं नाही. दोन आठवडे मी रोज फोनपाशी जायचो आणि हवापाण्याचं बोलून यायचो. पुण्यात जाऊन बहिणीकडे न उतरणं याचा आमच्याकडे एकच अर्थ निघतो, आणि तो मला फोनवर उच्चारायचा नव्हता.

निघायच्या दिवशी स्टँडवर गाडी लागली, आम्ही खिडकीजवळ बसलो, तेवढ्यात मोटारसायकलवरून धाकटा भाऊ दत्तू हजर. तो राजुरीला शेती बघतो. हातात युरियाच्या गोणीची शिवलेली भलीमोठी पिशवी आणि द्राक्षांची पेटी.

"दादा, ह्यो आक्काचा वानवळा. बाजरी हाये, पावटा हाये, कांदं, मेथी. द्राक्षं वर ठेव, दबत्याल."

गावाबाहेरच्या वाचकांसाठी: शेतात नवं काही निघालं की त्यातलं थोडं आधी नात्यातल्यांना पोचतं, तो वानवळा. त्याला नाही म्हणता येत नाही.

"अरे, पण आम्ही..." मी म्हणालो.

"आक्काला फोन केलाय मी. सांजच्याला पोचत्याल म्हनलं. लई खूश झाली." आणि त्याने पिशवी माझ्या मांडीवर ठेवून दिली.

गाडी सुटली. त्या वेळी तिकीट पन्नासच्या आत होतं आणि अडीच तास लागायचे. कळंबला घोड नदी ओलांडली तरी सुमन बोलली नव्हती. मंचरला गाडी दहा मिनिटं थांबली. तिथे मटकी भेळ जरूर खा, आम्हीही खाल्ली. नेहमी तिच्या तिखटाने सुमन बोलती होते, त्या दिवशी नाही. अवसरीचा घाट, पेठ, खेडचा घाट, चाकण. चाकणला मी म्हटलं, "दापोडीला उतरूया का? खोलीचं काय, सांगू येत नाही म्हणून."

"तुम्ही फोन केला नव्हता," ती म्हणाली. विचारलं नाही, सांगितलं.

भोसरी गेली, नाशिक फाटा गेला. कंडक्टर ओरडला, "दापोडी, दापोडी!" पंचवीस वर्षांच्या सवयीने माझे पाय आपोआप उभे राहिले. रस्त्यापलीकडे ती इमारत, तिसरा मजला, गॅलरीत वाळत घातलेल्या दोन गाद्या. आमच्यासाठी उन्हात काढलेल्या. सुमनलाही त्या दिसल्या. ती उठायला लागली, आणि मग तिचे डोळे भरले आणि ती परत बसली. मीही बसलो. कंडक्टरने घंटी मारली.

हॉटेलचं दार काचेचं, आपणहून उघडणारं. आत संगमरवर इतका गुळगुळीत की मी शेवाळावरून चालावं तसा चाललो. आमची एक सूटकेस आणि युरियाची पिशवी पितळी दांड्यांच्या चकचकीत गाडीवर चढली. काउंटरवरच्या मुलीने पिशवीकडे पाहिलं नाही. तिला तसं शिकवलेलं असणार. संस्कृतात अतिथी म्हणजे ज्याच्या येण्याची तिथी ठरलेली नसते. इथे येण्याची तिथी आधी कळवावी लागते, आणि जाण्याची वेळही ठरलेली: दुपारी बारा.

गाडी ढकलणारे गृहस्थ माझ्याच वयाचे, लाल कोट, छातीवर 'किसन' अशी पट्टी. लॉबीत त्यांनी "वेलकम सर, धिस वे मॅडम" केलं. लिफ्टचं दार बंद झालं तसा त्यांचा आवाज बदलला.

"पावणं, जुन्नरकडचं का?"

"नारायणगाव. कसं ओळखलंत?"

"पावट्याचा वास. माजं आंबेगाव. म्हंजी व्हतं. आता डिंभ्याच्या धरनाच्या पान्याखाली हाये." त्यांनी पिशवीवर हात ठेवला. "वानवळा कुनाचा?"

"बहिणीचा. दापोडीला असते."

"जित्ती हाये?"

"आहे की!"

"मंग हितं कशापायी आलाय राव?"

लिफ्ट थांबली. दार उघडलं. "युवर फ्लोअर, सर," ते म्हणाले.

खोलीचं वर्णन थोडक्यात करतो. किल्ली म्हणजे खेळातला असावा तसा एक पत्ता. तो भिंतीतल्या खाचेत खोचल्याशिवाय दिवे लागत नाहीत, हे किसनरावांनी दाखवलं म्हणून कळलं. पलंग आमच्या स्टाफरूमएवढा. उशा सहा. न्हाणीघरात सतत गरम पाणी. आणि एका कोपऱ्यात विजेची किटली, दोन कप, चहाच्या पुड्या. सुमन त्या किटलीकडे बराच वेळ बघत राहिली.

"इथेही ओटा आहे," ती म्हणाली. "फक्त लहान." आणि मग, "तुम्ही करा."

मी केला. पाणचट होता. ती पलंगावर पाय पसरून प्यायली.

साडेसहाला आक्काला फोन लावला.

"कुठवर आलाय रं मधू? तवा ठेवलाय, भाकरी टाकायची थांबलेय."

"आक्का, आम्ही पोचलो पुण्यात."

"मंग या की!"

"नाही, म्हणजे, उतरलोय आम्ही. हॉटेलात."

पलीकडे भाऊजींच्या टीव्हीचा आवाज येत होता.

"काम व्हतं का काय?"

"नाही. असंच."

"असंच," आक्का म्हणाली. "बरं. उद्या जेवायला या." आणि फोन ठेवला. मी सहा उशांवर डोकं ठेवून पाहिलं, एकीवरही जमेना.

दुसऱ्या दिवशीची न्याहारी मात्र सांगायलाच हवी. इडली, उपमा, चार तऱ्हेची फळं, आणि लेबल वाचूनही न कळणारे सात पदार्थ. सगळं स्वतः उठून घ्यायचं. मी तीनदा उठलो. सुमनने अर्धी इडली खाल्ली आणि म्हणाली, "चला दापोडीला."

रिक्षाने गेलो. तिसऱ्या मजल्यापर्यंत पिशवी मी वाहिली. आक्काने दार उघडलं, हसली, "या, बसा" म्हणाली. आम्ही पुढच्या खोलीत बसलो. ती आत गेली आणि ट्रे घेऊन आली. ट्रेमध्ये सोनेरी काठाचे कप आणि बशीत बिस्किटं.

त्या कपांची मला माहिती आहे. भाऊजींच्या कारखान्यातले साहेब आले किंवा भाचीला बघायला लोक आले, तरच ते फळीवरून खाली उतरतात. माझा त्या घरात एक स्टीलचा पेला आहे, नाव कोरलेला, कॉलेजपासूनचा. आक्काने काही म्हणजे काही सुनावलं नाही. साखर विचारली! मी किती साखर घेतो ते तिला माझ्या आईनंतर सगळ्यात आधी कळलेलं.

"आक्का," सुमन म्हणाली, "हे माझं खूळ. यांचा दोष एवढाच की यांनी सांगायची हिंमत केली नाही."

"दोस कसला त्यात."

"तुमच्या हातचं पंचवीस वर्षं खाल्लं. तुम्ही मला एकदा काम सांगितलं नाही. पण तुम्ही ओट्याशी असताना मला इथे बसवत नाही. मला दोन दिवस नुसतं बसायचं होतं. कुठे तरी, जिथे कुणी माझ्यामुळे राबत नसेल."

आक्का ट्रे खाली ठेवून खुर्चीत टेकली.

"आन मी कवा बसले गं? तुमी येनार म्हनलं की चार दिस आधी गाद्या काढायच्या, गेलात की चार दिस चादरी धुवायच्या. हौस हाये मला, न्हाई म्हनत न्हाई. पर कुनी कवा म्हनलं का, आक्का, तू बस, मी वाढते?"

"मी उठले की तुम्हीच बसा म्हणायचात!"

"पावण्याला असंच म्हनत्यात. तू ऐकायचं असतं व्हय?"

भाऊजींनी टीव्हीचा आवाज कमी केला. त्या घरात हे क्वचितच घडतं. मग आक्काने बिस्कीट उचललं आणि विचारलं, "तिथं आंगोळीला पानी कसं असतं?"

"उघडलं की गरम. कितीही."

"कितीबी?"

"चला," सुमन म्हणाली. "आज रात्री तुम्ही आणि मी. हे राहतील इथे, भाऊजींबरोबर."

मला कुणी विचारलं नाही. त्यामुळे हॉटेलच्या दुसऱ्या रात्रीविषयी मी ऐकीव माहिती देतोय, वाचकांनी क्षमा करावी. काउंटरवरच्या मुलीने नाव नोंदवून घेतलं, येण्याचं कारण विचारलं. आक्का म्हणाली, "माहेरपन." मुलीने 'हॉलिडे' लिहिलं. मी तपासत असतो तर गुण कापले असते. आक्काने तीन वेळा आंघोळ केली. सकाळी न्याहारीला ताट घेऊन ती रांगेत उभी राहिली, तेव्हा किसनराव आपलं काम सोडून आले आणि म्हणाले, "आक्का, तुमी बसा वं. मी आनतो." तिने बसून खाल्लं. दोनदा वाढून घेतलं.

इकडे मी दापोडीत पिठलं केलं. गाठी झाल्या. भाऊजी गाठी मोजत जेवले. सकाळी चहा टाकला आणि फळीवर शोधलं, तर माझा पेला जिथे असतो तिथेच होता, घासून उपडा ठेवलेला.

साडेअकराला हॉटेलात पोचलो. खोलीत पलंगाच्या चादरी घड्या घालून उशाशी रचलेल्या, न्हाणीघर पुसलेलं, आणि साफसफाईला आलेली बाई खुर्चीत बसून आक्काने केलेला किटलीचा चहा पीत होती.

"ही म्हनती, मावशी, आता मी काय करू?" आक्का म्हणाली. "म्हनलं, बस दोन मिंटं."

जाताना आक्काला दापोडीला सोडलं. वर गेल्यावर तिने वानवळ्यातला मूठभर पावटा कागदात बांधून मला दिला, "त्या आंबेगाववाल्याला दे." मी रिक्षा उलटी वळवून देऊन आलो. पिशवी मोकळी परत द्यायची नाही, हा आमच्याकडचा नियम, म्हणून तिने तळाशी काहीतरी सुतळीने बांधून ठेवलं होतं.

नारायणगावला येऊन ती गाठ सोडली. हॉटेलचे दोन छोटे साबण, चांदीच्या कागदातले, आणि साखरेच्या चार पुड्या. एका साबणावर पेनाने 'दत्तू' लिहिलेलं.

आता या गोष्टीला चारेक वर्षं झाली. लोक विचारतात, सर, हॉटेल कसं होतं, पैसे वसूल झाले का? चादर स्वच्छ होती, चहा पाणचट होता, आणि पुण्याला जायचं म्हटलं की आक्का हल्ली फोनवर विचारते, "औंदा माझ्याकडं, का आपल्या हॉटेलात?" आम्ही आलटून पालटून जातो. तिच्याकडे गेलो की ओट्याशी सुमन असते, आणि आक्का पुढच्या खोलीत बसून तिला सूचना देते.

आम्ही परतल्यावर पहिल्याच रविवारी दत्तू राजुरीहून आला होता. साबण हातात घेऊन त्याने दोन्ही बाजूंनी वास घेतला.

"आक्काचा वानवळा?"

"हो."

"वापरायचा कसा मग ह्यो," तो म्हणाला, आणि खिशात घालून घेऊन गेला. अजून त्याच्या टीव्हीवर आहे, कागदासकट. कुणी पाहुणा आला की दाखवतो.