टोपलीत उरलेला जोड

क्राकाताऊ ज्वालामुखीजवळच्या सेबेसी बेटावर कुणाच्या घरात कोण आहे हे विचारायची पद्धत नाही. पायरीवरच्या चपला बघायच्या. थोरली घरात आहे, धाकटा उंडारायला गेलाय, पाहुणा आलाय आणि तोही शहरातला. सगळं पायरीच सांगते. रुकोया या पायऱ्या बघतच लहानाची मोठी झाली. शनिवार-रविवारच्या सहली न्यायला लागल्यावर हीच रीत तिनं बोटीवर नेली. तांडेलाच्या पायाशी वेताची मोठी टोपली. चढताना चपला टोपलीत, उतरताना पायात. टोपली भरली की माणसं आली. डोकी मोजलेली तिला खपायची नाहीत. "कोंबड्या आहेत का त्या?" म्हणायची.

बाई सहल नेते हे गावाला सहज पचलं नव्हतं. ज्वालामुखी फुटून त्या डिसेंबरात आलेल्या लाटेनं तिची खोबरं वाळवायची शेड नेली, तेव्हा ती सहली न्यायची परवानगी मागायला बोटवाल्यांच्या बैठकीत जाऊन उभी राहिली. म्हाताऱ्या आबाह दुरहमाननं सगळ्यांसमोर सुनावलं, "बाईमाणूस स्वयंपाक करेल पाहुण्यांचा. समुद्रावर माणसं सांभाळायची म्हणजे भात शिजवणं नाही."

"भात तरी कुठं येतो तुम्हाला, आबाह?" रुकोया म्हणाली. बैठक खो खो हसली, आणि हसता हसता तिला परवानगी देऊन बसली. म्हातारा तेवढं म्हणाला, "एक माणूस इकडचं तिकडं होऊ दे, मग बघतो." हे वाक्य रुकोयाच्या डोक्यात खिळ्यासारखं बसलं होतं. बाईनं चूक केली की ती सगळ्या बायकांच्या नावावर चढते, पुरुषाची चूक मात्र वाऱ्याच्या नावावर जाते, हे तिला कुणी शिकवायला लागत नव्हतं.

त्या शनिवारी आलेल्या गटात बांडुंग शहरातल्या इबू विदा, म्हणजे विदाबाई, होत्या. एकट्या, साठीच्या पुढच्या, कचेरीतून निवृत्त झालेल्या. निळ्या पट्ट्याच्या चपला घालून त्या थेट रुकोयाच्या चटईवर आल्या. रुकोयाचं डोकं भडकलं.

"इबू, हे घर आहे, बाजार नाही! इथं मुलं लोळतात, नमाज पढतात. बांडुंगला चपला डोक्यावर घेऊन झोपतात काय?"

सगळा गट हसला. इबू विदांचा चेहरा पडला. "चुकलं हो माझं," म्हणत त्यांनी चपला उचलल्या, पायरीवर नेऊन नीट जोडून ठेवल्या. पुढं जेवतानाही चटईच्या अगदी कडेला बसल्या. रुकोयाला जरा चुटपुट लागली, पण माघार घेईल तर ती रुकोया कसली.

रविवारी सकाळी बोट निघाली. सुकाणूवर तिचा कांग, म्हणजे थोरला भाऊ, सहारी. क्राकाताऊचा पोरगा म्हणतात त्या धुमसत्या नव्या ज्वालामुखीवर पाय ठेवायला बंदी, म्हणून समोरच्या राकाता बेटाच्या काळ्या वाळूवर सगळ्यांना उतरवलं. पोरगा निवांत धूर सोडत होता. केळीच्या पानातला भात, तळलेली मासळी आणि सांबालाचा तिखट ठेचा खाऊन मंडळी फोटो काढत पांगली. रुकोया सुरूच्या सावलीत भांडी घासत बसली.

तेवढ्यात डोंगराच्या पोटात काहीतरी घुमलं. मग दणका. राखेचा काळा खांब वर चढला.

"रुकोया! पोरगा खोकतोय!" सहारी ओरडला. "चढव सगळ्यांना!"

धावपळ, ओरडाआरडा, पाण्यात धपाधप पाय. रुकोयानं भांडी फेकली, एकेकाला हात देऊन वर ओढलं, सवयीनं चपला टोपलीत पडत गेल्या, आणि शेवटी टोपलीकडं नजर टाकली. काठोकाठ भरलेली. "झाली सगळी. काढ बोट!"

राकाता मागं पडला, समुद्र मात्र खवळत चालला. एक लाट आडवी आली, बोट कलली आणि टोपली लवंडली. चपला फळ्यांवर पसरल्या. लोक हसत, शिव्या देत आपापला जोड शोधायला लागले. ज्याची त्याला मिळाली.

एक जोड उरला. निळ्या पट्ट्याचा.

रुकोयानं तो उचलला. "इबू विदा?" ती बोटीच्या पुढच्या टोकाला, नाळेकडं धावली, ताडपत्रीखाली वाकून बघितलं. "इबू!"

एक मुलगी चाचरत म्हणाली, "ताई, त्या अनवाणीच उतरल्या होत्या. मी म्हटलं, वाळू तापली असेल. तर म्हणाल्या, नको बाई, वाळूनं भरलेल्या चपला घेऊन बोटीत आले तर ती पुन्हा ओरडेल."

रुकोया ताडकन उठली. "कांग, वळव."

"डोकं फिरलंय?" सहारी म्हणाला. "वर बघ. एकीसाठी एवढ्या जणांना परत त्याच्या तोंडात नेऊ?"

"मग ठेवू तिला तिथं?"

"मी असं म्हटलं का? पण यांच्या आयांना काय सांगू मी?"

तो चुकीचं बोलत नव्हता, आणि तेच तिला सहन होत नव्हतं. तिनं भिरभिर चारी दिशांना पाहिलं. डावीकडं एक बोट जाळी आवरून घराकडं निघालेली. हिरवी नाळ, फाटका झेंडा. सगळ्या समुद्रात त्या घडीला एकच बोट होती, आणि ती आबाह दुरहमानची होती.

सहारीनं बहिणीकडं बघितलं. "सांग, इंजिन गरम झालंय म्हणून. मी बोलू का?"

खोटं अगदी जिभेवर आयतं येऊन बसलं होतं. रुकोयानं ते गिळलं. डोक्यावरचा रुमाल सोडला आणि हवेत फडकवत, घसा फाटेपर्यंत ओरडली, "आबाह! माझी माणसं घ्या तुमच्या बोटीत! मी एक माणूस विसरून आलेय राकातावर! मी विसरले!"

हिरवी बोट जवळ आली. एवढ्या वर्षांची म्हाताऱ्याची वाट बघून झाली होती, आता बोलायचंच बाकी होतं. पण तो आपल्या पोरांवर खेकसला, "बघताय काय? दोर टाका!"

माणसं तिकडं गेली. रिकामी बोट घेऊन भाऊ-बहीण राखेखाली शिरली. दिवसाढवळ्या अंधारल्यासारखं झालं. तोंडात वाळू करकरत होती. दर दणक्याला सहारी अल्लाचं नाव घेई आणि पुढच्याच श्वासात बहिणीला शिवी हासडी. रुकोया नाळेवर उभी राहून नाव घेत हाका मारत होती. उत्तर नाही. सुरूखाली कुणी नाही. किनाऱ्यावर भांडी तशीच, राखेनं भरलेली.

मग एका खडकाआडून पांढरी ओढणी हलली.

इबू विदा गुडघे पोटाशी घेऊन बसल्या होत्या. बोटीमागं खडकांवरून धावल्यामुळं तळपाय फाटले होते.

"चपला... टोपलीतच होत्या ना," त्या म्हणाल्या. "या वेळी तरी नीट काढल्या होत्या मी."

रुकोया खाली बसली, राखेनं माखलेले ते पाय तिनं आपल्या रुमालानं पुसले, स्वतःच्या चपला काढून त्यांच्या पायांत सरकवल्या.

"आणि तुम्ही?"

"चढा पाठीवर आधी. भांडण बोटीत करू."

धक्क्यावर गाव जमलं होतं. मधोमध आबाह दुरहमान, भोवती सहलीची मंडळी. इबू विदांना उतरवून रुकोया अनवाणी त्याच्यासमोर उभी राहिली. सगळे त्याच्या तोंडाकडं बघत होते.

"आली का सगळी?" त्यानं विचारलं.

"तुम्हीच मोजा, आबाह," ती म्हणाली. "मोठ्यानं."

म्हाताऱ्यानं काठी उचलली आणि एकेका डोक्यावर रोखत, सावकाश, सगळ्या गावाला ऐकू जाईल असं मोजलं. पूर्ण मोजून होईस्तोवर रुकोया मान खाली घालून उभी होती. शेवटी काठी तिच्यावर आली.

"आणि ही एक," तो म्हणाला. "पुढच्या शनिवारी हिनं मोजायचं. तोंडानं."

वेताच्या त्या टोपलीत आता रुकोयाची कोंबडी अंड्यांवर बसते.