लेकुरवाळीची जागा

मी पोरीला पाजत होते आणि तो माणूस घड्याळ धरून समोर उभा होता.

मोहाच्या झाडाला झोळी बांधलेली. मंगी अजून बसायलाही शिकली नव्हती. मी पदर ओढला, पाठ फिरवली. तो वळसा घालून पुन्हा समोर आला. गळ्यात दोरी, दोरीला टिकटिकणारं घड्याळ. मी उठले तसं त्यानं बटण दाबलं आणि मागच्या विद्यार्थ्यांना म्हणाला, "लिहा. अनुत्पादक वेळ." पोरं हसली. मी सातवी शिकलेली, शब्द कळला. शरमेनं अंग जळालं. पोर माझी, दूध माझं, आणि ते वाया गेलं हे ठरवणार हा.

शहापूरजवळ धानाचं गोदाम बांधत होते. आणीबाणी उठून दोन-तीन वर्षं झाली असतील. हे साहेब इंजिनिअरिंग कॉलेजातले. बांधकामावर मजुरांचा वेळ कुठे जातो, यावर त्यांचं संशोधन चाललं होतं. आम्हाला विचारलं असतं तर सांगितलं असतं. पण आम्हाला कोण विचारतो?

आमची रीत अशी. स्लॅबच्या दिवसांत बाया खालपासून वरपर्यंत रांगेत उभ्या राहायच्या, घमेलं हातोहात वर जायचं. एक बाई कायम जास्तीची. लेकुरवाळी पाजायला गेली की तिच्या जागेवर ही उभी राहायची, एरवी बाजूला बसायची. ते काम गयाबाईचं. म्हातारी, एकटी. मला म्हणायची, "जाय माय, पोरगी रडून राहिली. मी हावो ना."

साहेबांना दिसली ती फक्त बसलेली गयाबाई. ठेकेदाराला म्हणाले, "ही बाई रिकामी बसते. हिच्याशिवायही काम तेवढंच होईल." खरंच तेवढंच झालं. दुसऱ्या दिवसापासून गयाबाईला घरी बसवलं.

मग रांग सोडता येईना. एक जागा सुटली की घमेलं अडायचं, वरून शिव्या. मंगी झोळीत रडायची. माझी चोळी भिजायची, सिमेंटच्या पाण्यानं आणि दुधानं. रडून रडून ती गप्प व्हायची. पुढे चोळी भिजणंही थांबलं. छाती आटली. गाईचं दूध पाणी घालून पाजलं, तर हगवण लागली. पाऊस लागायच्या आत मंगी गेली. मातीत ठेवताना तिचं वजन हाताला लागलंच नाही. इतकी घमेली उचलली, इतकं हलकं कधी काही उचललं नव्हतं.

पुढच्या उन्हाळ्यात त्याच गोदामाच्या दुसऱ्या भागाचा स्लॅब निघाला. साहेब पाहुण्यांना घेऊन आले. रांगेत माझ्या शेजारी सुमन, नवी लेकुरवाळी. तिचं लेकरू त्याच मोहाखाली रडत होतं. ती जागची हलली नाही. साहेब पाहुण्यांना सांगत होते, "बघा, एक बाई कमी, आणि रांग कुठेच थांबत नाही."

माझ्या हातात भरलेलं घमेलं होतं. मी ते खाली ठेवलं.

"काहून थांबली वो?" ठेकेदार ओरडला.

मी सुमनला म्हणाले, "जाय. पाजून ये."

ती गेली. मी खाली बसले. मग एकेक करून साऱ्या बायांनी घमेली ठेवली. कालवलेला सिमेंटचा माल थांबत नाही, घट्ट व्हायला लागतो. ठेकेदार हात जोडत आला. साहेबांनी सवयीनं घड्याळ हातात घेतलं.

"दाबा साहेब बटन," मी म्हणाले. "माही मंगी याच झाडाखाली उपाशी रडे. मरून गेली. थे कोन्या वेळात लिवलं तुमी?"

सुमनचं लेकरू पोटभर प्यालं, ती परत आली, तेव्हाच मी घमेलं उचललं.

संध्याकाळी मला कामावरून काढलं. त्या दिवसानं माझं काही भरून निघालं नाही. अजूनही कुठे लेकरू रडलं की छाती दुखते.

पण तेव्हापासून कुठल्याही स्लॅबवर गेले की आधी रांग पाहते. जास्तीची बाई नसेल तर मी उभी राहत नाही, दुसरीलाही राहू देत नाही. गयाबाईच्या जागी आता मीच बसते. रिकामी म्हणायचं त्यानं म्हणावं. इथून मला कोणी उठवून दाखवावं.