चाखण्याचा परवाना आणि आमचे मामा

दारूवरचं शुल्क वसूल करणाऱ्या खात्यात मी कारकून. माहेरी-सासरी कुणी थेंबाला शिवलेलं नाही, आणि माझी अख्खी नोकरी बाटल्या मोजण्यात चालली आहे.

एका शुक्रवारी वरून पत्र आलं. वाइन शॉपना गिऱ्हाइकांना वाइन चाखायला देण्याचा परवाना दिला, तर सरकारी तिजोरीत किती येईल आणि खर्च किती पडेल, आजच कळवा. आजच! पत्राला आमच्यापर्यंत यायला तीन आठवडे लागले, ते मात्र कुणी विचारायचं नाही.

साहेब जोरात आले. शहरातली, कन्नड तालुक्यातली, फर्दापूरच्या रस्त्यावरची सगळी दुकानं त्यांनी धरली. कुलूप लागलेली दोनही सोडली नाहीत. वर चाखणारा प्रत्येक माणूस दोन बाटल्या घेणारच, असं गृहीत. मी म्हटलं, "साहेब, शहागंजच्या बाजारात द्राक्षाचे दहा मणी तोंडात टाकून 'आंबट हायेत' म्हणत पुढं जाणारं आपलं गाव आहे." ते म्हणाले, "बाई, तुम्ही आकडे लिहा." लिहिले. जमेचा रकाना असा फुगला की त्या पैशात आमच्या नळाला रोज पाणी यावं.

राहिला खर्च. चाखणं चालू असताना आमचा एक माणूस तिथं हजर पाहिजे: माप बघायला, वय विचारायला आणि उघड्या बाटलीत उरलेली वाइन ओतून टाकून तशी सही करायला. हा माणूस आणायचा कुठून? त्यावर आमच्याकडं पिढीजात उत्तर आहे, 'उपलब्ध मनुष्यबळातून'. म्हणजे खर्च शून्य. नवीन पद मागितलं की पत्र परत येतं, म्हणून कुणी मागतच नाही.

आणि उपलब्ध कोण, तर आमचे शिपाई, सगळ्यांचे मामा. एक गडी निवडणुकीच्या कामाला उसना दिलेला, दुसऱ्याला कंबरेचं दुखणं. मामांनी चार वर्षांपूर्वी दारू सोडली होती, तीही बायकोनं पोरींना घेऊन माहेर गाठलं तेव्हा. आधीच्या साहेबांच्या पाया पडून ते छाप्यांच्या कामातून सुटले आणि आवक-जावकच्या टेबलावर बसले. हे सगळं मला ठाऊक होतं. तरी मी 'उपलब्ध मनुष्यबळातून' असं लिहिलं. पाच वाजले होते, घरी पाहुणे येणार होते. माझी मलाच आजही लाज वाटते.

वरचे खूश! इतका स्वस्त प्रस्ताव दुसऱ्या कुणाचाच नव्हता. मग काय, पहिला प्रयोग आमच्याच गळ्यात पडला: छावणीजवळच्या एका दुकानात, शनिवार-रविवार संध्याकाळी.

पहिल्या शनिवारी मीही बघायला गेले. काय तो थाट! काल-परवापर्यंत पाठ फिरवून पिशवीत बाटली कोंबणारे लोक ग्लास गोल फिरवत "जांभळाचा वास येतोय" म्हणत होते. रस्त्यांची कामं घेणाऱ्या एका गुत्तेदारानं चारी वाइन दोन-दोनदा चाखल्या, तोंड वाकडं केलं आणि नेहमीची व्हिस्कीची क्वार्टर घेऊन गेला. ती तर तो तशीही घेणारच होता.

मामा कोपऱ्यात उभे होते. एका हातात वही, दुसऱ्या हातानं नाकाला रुमाल. आठ वाजता त्यांनी उरलेल्या बाटल्या बेसिनमध्ये रित्या केल्या, पण तोंड फिरवून ओतत होते, त्यामुळं बरीच अंगावर उडाली. मला म्हणाले, "ताई, दुसरं कायबी काम द्या. हितं लई अवघड जातंय."

सोमवारी मी साहेबांकडं गेले. "मामांना तिथून काढा." साहेब चहा ढवळत म्हणाले, "माणूस आहे असं तुम्हीच लिहिलंय की, बाई. आता नाही कसं म्हणायचं?" वर हसले, "आणि न पिणाराच तर पाहिजे तिथं." असा संताप आला मला! पण आकडे माझ्याच अक्षरात होते.

महिन्याभरानं, अशाच एका सोमवारी, मामांची बायको ऑफिसात आली. मामा टपाल वाटायला बाहेर गेल्याचं बघून मगच आत आली. बस म्हटलं तर बसली नाही.

"ताई," ती म्हणाली, "आधी मी ह्यांच्या तोंडाचा वास घ्यायचे, खरं काय ते समजायचं. आता शर्टालाच वास असतो. ह्ये पिऊन आले का नुसते उभे राहून आले, मी कसं वळखू?"

त्याच सकाळी मामा माझ्याकडं सही मागायला वाकले, तेव्हा मीही आधी हळूच नाक पुढं केलं होतं.