जाहिरात मात्र दाखवली

नागपुरातल्या एका लोकल केबल चॅनेलसाठी मी जाहिराती आणायचो, आणि आमच्याकडे व्यावसायिक बॉक्सिंगचे सामने असले की त्यांचं थेट प्रक्षेपणही मीच सांभाळायचो. लोकांना वाटतं, चॅनेल सामन्यांसाठी पैसे मोजतं. आमच्याकडे उलटी गंगा. आयोजक आमच्याकडून दोन तास विकत घ्यायचा आणि दोन राउंडमधल्या मिनिटभराच्या विश्रांतीत मी आणलेल्या जाहिराती दाखवून तो खर्च भरून काढायचा. पहिल्याच राउंडला कुणी आडवा झाला की लोक टाळ्या वाजवायचे आणि मी कपाळावर हात मारून घ्यायचो.

नवख्या खेळाडूंसाठी एक नियम मी स्वतः काढला होता. टीव्हीवर दिसायचं असेल तर आपली एक जाहिरात आपण आणायची. हे कागदावर कुठेच नव्हतं. असले नियम कुणी लिहून ठेवत नाही.

कामठीची एक बावीस-तेवीस वर्षांची मुलगी होती. तिचा मामा भिवापूरला मिरचीच्या गिरणीत कामाला. त्याच्या मागे लागून तिने गिरणीमालकाकडून लाल तिखटाची जाहिरात मिळवली आणि शेअर ऑटोने माझ्या ऑफिसात आली. माझ्यासाठी तिखटाची पुडीही आणली होती. मी ती बिनदिक्कत घरी नेली.

"सर, माही फाईट पूर्ण दाखवान ना? रेकॉर्डिंग पाह्यजे मले. दिल्लीवाला आयोजक म्हणते, पहिले व्हिडिओ पाठव, मंग सहा राउंडची फाईट देतो."

"दाखवतो वं. शब्द देतो."

तेव्हा मी ते मनापासून म्हणालो होतो. बायकांचे राउंड दोनच मिनिटांचे असतात, म्हणजे कमी वेळात तेवढ्याच जाहिराती बसतात. धंद्याच्या हिशेबाने तीच मला सगळ्यात जास्त परवडत होती.

सामन्यांच्या दिवशी मुख्य प्रायोजक पाऊण तास उशिरा उगवला. मिहानकडे प्लॉट विकणारा बिल्डर. त्याला स्वतःचा सत्कार थेट दाखवून हवा होता. आमचे दोन तास काही ताणता येत नव्हते. मुख्य लढत कापता येत नव्हती, सत्कार तर नाहीच नाही. उरली ती कामठीची मुलगी. वेळ वाचवायला आयोजकाने सत्कार आणि तिची लढत एकाच वेळी सुरू केली, आणि मी दोन्ही कॅमेरे स्टेजकडे वळवले.

कॅमेरामन म्हणाला, "सर, पोरगी रिंगमध्ये उतरून राहिली."

"उतरू दे," मी म्हणालो.

एक कॅमेरा तिच्यावर ठेवता आला असता. टीव्हीवर नाही तरी निदान रेकॉर्डिंग झालं असतं. पण मला बिल्डरच्या बायकोचा चेहरा दुसऱ्या बाजूनेही घ्यायचा होता! स्टेजवर शाल-श्रीफळ चाललं होतं आणि माझ्या पाठीमागे ग्लोव्हजचे आवाज येत होते. मी वळूनसुद्धा पाहिलं नाही. ती तिसऱ्या राउंडला जिंकली, हे मला नंतर कळलं. लाल तिखटाची जाहिरात मात्र ठरल्याप्रमाणे दाखवली, शाल आणि भाषण यांच्या मधे. गिरणीमालकाचा खूश होऊन फोन आला.

दुसऱ्या दिवशी ती ऑफिसात आली. डोळ्याखाली सूज होती. वायर तुटली, लाईट गेली, अशा थापा मी तयारच ठेवल्या होत्या. पण त्यांचा काही उपयोग नव्हता. तिच्या घरी अख्खा शेजार टीव्हीपुढे जमला होता आणि त्या सगळ्यांनी सत्कार शेवटपर्यंत पाहिला होता.

"रेकॉर्डिंग तरी हाये का, सर?"

"नाही."

आता ही ओरडेल, असं मला वाटलं. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. मग म्हणाली, "सर, माही जाहिरात लहान पडली का? मोठी आणली असती तं दाखवली असती ना?"

तुझं काही चुकलं नाही, मीच शब्द फिरवला, एवढंच सांगायचं होतं.  त्याऐवजी जे म्हणालो, ते आजही आठवलं की मला माझीच लाज वाटते.

"हो," मी म्हणालो. "पुढच्या वेळी मोठी आण."

"बरं, सर," ती म्हणाली. वर थँक यूही म्हणाली.